तेलाची बोअर

(दृश्य : तासगाव तालुका. पहाट. द्राक्षबागेत ट्रॅक्टरवरचा औषध फवारणारा ब्लोअर सुरू होतो.)

औषध मारायचं ते वारं पडलेलं असताना. फळछाटणीनंतर पावसानं पानं भिजली की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती. मारलेलं औषध धुऊन गेलं की पुन्हा ब्लोअर, पुन्हा डिझेल.

हे डिझेल ज्यातून येतं ते खनिज तेल संपणार का? पारावर हा विषय निघाला की अर्धे म्हणतात, दहा वर्षांत संपणार. तीस वर्षांपूर्वीही हेच म्हणत होते!

(दृश्य : जुनी विहीर, शेजारी बोअर.)

आजोबांच्या काळात विहिरीला हाताशी पाणी होतं. मग बोअरची गाडी आली. दोनशे फूट, पाचशे फूट, कधी नुसता फुफाटा. पाणी गावातून गेलं नाही, स्वस्त पाणी गेलं. तेलाचंही तसंच.

१९५६ साली एम. किंग हबर्ट या भूवैज्ञानिकानं हिशेब मांडला : अमेरिकेचं तेल-उत्पादन फार तर १९७०च्या सुमारास शिखर गाठेल आणि मग उतरेल. लोकांनी वेड्यात काढलं. १९७० साली ते रोज सुमारे ९६ लाख बॅरलवर पोचलं आणि खरंच उतरू लागलं. बॅरल म्हणजे १५९ लिटर.

पण पुढं गंमत झाली. शेल नावाच्या खडकात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं घुसवून तेल निघू लागलं, आणि २०१८ साली अमेरिकेनं १९७०चा आकडा मागं टाकला. जगाचं शिखर २०००च्या आसपास येईल हा हबर्टचा अंदाजही चुकला. आज जग रोज जवळपास दहा कोटी बॅरल तेल वापरतं. मात्र शेलची विहीर पहिल्या वर्षी धो-धो देते आणि दोन-तीन वर्षांत बरीचशी आटते. मग दुसरी खोदा. बोअरवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता वाद वेगळाच आहे. २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था म्हणाली, २०३०च्या आत मागणीच शिखर गाठेल. तेल विकणाऱ्या देशांच्या ओपेक या संघटनेला ते मान्य नाही. विकणाऱ्यानं असं म्हणणं साहजिकच.

(दृश्य : उसाच्या गाड्या, कारखान्याची चिमणी.)

आपण पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्यातलं काही याच उसातलं. नव्या मोटारसायकलला ते चालतं.

(दृश्य : पुन्हा बाग. बांधावर कॅन.)

ब्लोअरच्या ट्रॅक्टरला मात्र अजून डिझेलच लागतं.