पंपाला मागची फेरी आठवली तर

डायलिसिसच्या यंत्रावर फिरणारा रोलर पंप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रोलर लवचिक नळी दाबत पुढे सरकतात आणि त्यांच्यापुढचं रक्त ढकललं जातं. रोलर नळीवरून सुटला की चेपलेला भाग पुन्हा फुगतो, थोडा द्रव त्या पोकळीत शिरतो आणि बाहेरचा प्रवाह क्षणभर पडतो. तीन रोलरचा पंप मिनिटाला ६० फेऱ्या करत असेल, तर असे सेकंदाला तीन गचके, आणि दर फेरीत त्याच जागी.

हे गचके घालवायला नेहमीचा पीआय कंट्रोलर, म्हणजे हवा तो प्रवाह आणि प्रत्यक्ष प्रवाह यांतला फरक (चूक) पाहून मोटरचा वेग बदलणारा नियंत्रक, तोकडा पडतो. चूक दिसल्यावर तो हालचाल करतो, तोवर गचका होऊन गेलेला असतो. मग डॅम्पर, म्हणजे प्रवाहातले धक्के शोषणारी छोटी टाकी, लावावा का? लाट मऊ होते खरी, पण नळीमार्गातला द्रव वाढतो आणि प्रवाह बदलायला सांगितलं तर तो सावकाश बदलतो.

नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक फ्रान्सिस आणि वोनम यांनी १९७६ साली मांडलेलं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं: जो व्यत्यय पूर्ण पुसायचा, तो निर्माण करू शकेल अशी रचना कंट्रोलरच्या आतच हवी. पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाटेसाठी ती रचना म्हणजे एक फेरीभराची स्मृती. १९८१ च्या सुमारास जपानी अभियंत्यांनी प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या (प्रोटॉन कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) चुंबकांना वीज पुरवताना हेच केलं, कारण तिथेही विद्युतप्रवाहाचं तेच आवर्तन सतत चालतं. मागच्या फेरीवरून शिकणाऱ्या या पद्धतीची, म्हणजे रिपिटिटिव्ह कंट्रोलची, सुरुवात तिथली.

पंपावर हे असं बसवतात. एन्कोडरच्या (पंप किती कोनात फिरला हे सांगणाऱ्या सेन्सरच्या) आधारे फेरीचे समजा ३६० कप्पे पाडायचे. प्रत्येक कप्प्यात मागच्या फेरीची दुरुस्ती असते, तिच्यात या फेरीतल्या चुकीचा थोडा अंश मिळवायचा. हळूहळू मोटर गचक्याच्या आधीच वेग वाढवायला शिकते.

कप्पे कोनाचेच हवेत, वेळेचे नकोत. लय चढली तरी तीनतालाची सम पहिल्याच मात्रेवर येते. तसा वेग बदलला तरी रोलर त्याच कोनात सुटतो. मोटर आणि द्रव यांचा उशीर मात्र वेळेत मोजायचा असतो. म्हणून दुरुस्ती किती कप्पे आधी द्यायची, हे वेगानुसार बदलावं लागतं. बरेच प्रयोग इथेच फसतात.

आणि स्मृतीला चाळणी हवीच. वरच्या वारंवारितांना आपलं गणित पंपाशी जुळत नाही. तिथे शिकू दिलं तर दुरुस्ती उलट्या दिशेने पडते आणि दर फेरीला फुगत जाते. म्हणून फक्त खालच्या वारंवारिता पुढे जाऊ देणारा लो-पास फिल्टर लावायचा आणि बारीक तरंग शिल्लक राहतील हे मान्य करायचं. पूर्ण पुसण्याच्या हट्टापायी स्थैर्य घालवणं मला कधीच पटलेलं नाही.

एकाच मार्गावर वेगळ्या वेगाचा दुसरा पंप असेल तर जास्तच जपा. त्याची लाट या स्मृतीत बसत नाही. आपल्या पंपाच्या लाटेच्या वारंवारितांवर जेवढं दाबतो, त्याची भरपाई मधल्या वारंवारितांत होते, आणि दुसऱ्या पंपाची लाट तिथेच पडली तर ती मोठी होते. त्या पंपाला त्याचा स्वतःचा एन्कोडर आणि त्याची स्वतःची स्मृती द्यावी लागते.