मलिक अंबरला कोणतं राष्ट्र द्यायचं?

मंडळी, व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर आयोजकांनी मला दोनदा विचारलं, "सर, नक्की ना?" नक्की. त्या निमित्तानं मागच्या रांगेत चार पोरं तरी दिसताहेत. एरवी इथं आपण पेन्शनरच.

इतिहासावरचा स्ट्रॅटेजी गेम उघडला की आधी विचारतो, तुम्ही कोण? 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला, त्यात भारत घेतला की नेते गांधीजी. ज्यांनी कधी राज्य केलं नाही, ते फौजा हलवताहेत! पुढं चौथ्या भागात अशोक जोडीला आला, सहाव्यात चंद्रगुप्त. पण तोवर गांधीजी काही हटले नाहीत.

माझा भाचा 'एम्पायर: टोटल वॉर' खेळायचा. त्यात मराठे घेता येतात. "मामा, हे आपण!" मोहीम सुरू होते १७०० साली. राजाराम महाराज गेले ते साल. औरंगजेब दक्षिणेत तळ ठोकून बसलेला आणि आपला हा मराठवाड्याचा मुलूख मोगलांच्या सुभ्यात. म्हणजे भाचा ज्या फौजेला 'आपण' म्हणत होता, तिला आपलंच गाव जिंकून घ्यावं लागणार. मी हे बोललो नाही. पोरगं रंगात आलं होतं.

'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. त्या दिवशी आपण बहमनी, राजधानी बिदर. पण बहमनी घेऊन खेळणारं पोरगं मला अजून भेटलेलं नाही. सगळ्यांना विजयनगर पाहिजे.

मग २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन'चा सातवा भाग आला आणि खेळणारे चिडले. आला तेव्हा त्यात युग बदललं की राष्ट्र बदलावं लागायचं, नेता तेवढा तोच राहायचा. लोक म्हणाले, हा काय इतिहास झाला? मला हसू आलं. पैठणच्या माणसाला विचारा की. सातवाहन, यादव, खिलजी, १३२७ ला दिल्लीची राजधानीच देवगिरीला आणणारा तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम. गाव तेच, गोदावरी तीच, सारा वसूल करणारा तेवढा नवा.

त्याच गेममध्ये नेता व्हायला राजा असावं लागत नाही. दौलताबाद पाहून गेलेला इब्न बतूता त्यात नेता आहे. मग आपला मलिक अंबर का नको? हबशी पोर, गुलाम म्हणून विकलेलं, दख्खनला आलं आणि निजामशाहीचा पेशवा झालं. १६१० ला त्यानं खडकी वसवली, नहर आणली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. गादीवर तो कधी बसला नाही. मोगल बादशहा जहांगीरनं आपल्या या वैऱ्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. खरं मुंडकं काही शेवटपर्यंत हाती लागलं नाही. १६२६ ला अंबर म्हातारपणानं गेला.

परवा भाच्याला म्हटलं, समज, अंबर नेता म्हणून मिळाला. राष्ट्र कोणतं घेशील? "पहिल्या युगात अक्सूम, मामा. हबशांच्या मुलखातलंच जुनं राज्य आहे ते." आणि शेवटच्या युगात? त्यानं यादी वर-खाली केली. गेम आला तेव्हा त्या युगात भारतातलं एकच नाव होतं. मोगल.

भाचा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं लॅपटॉप मिटला.