फाटा, साइडपट्टी आणि पाणी : नाशिकचे रस्ते कुठे दगा देतात

(दृश्य : पहाट. मुंबई–आग्रा महामार्ग, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग.)

नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांना एक मालक नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावरस्ते बहुतेक जिल्हा परिषदेकडे, शहरातले महापालिकेकडे, आणि समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाकडे. गाडी चालवणाऱ्याला याचं काही देणंघेणं नसतं, नसावंही. पण एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते ती जागा म्हणजे बहुतेक वेळा एखादा फाटा. आणि अपघात फाट्यावर होतात.

हा फाटा नीट बघा. महामार्ग भरावावर आहे, आजूबाजूच्या शेतापेक्षा चांगला पुरुषभर उंच. गावरस्ता खालून चढून येतो आणि चढ थेट महामार्गाच्या कडेला संपतो. भरलेली ट्रॉली घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला इथे थांबायला नाखूश असतो. थांबला तर चढावर पुन्हा उचलताना क्लच जळतो, ट्रॉली मागे सरकते. म्हणून तो न थांबता वर येतो. नियम त्याला ठाऊक आहे. रस्त्याची बांधणीच त्याला तो मोडायला लावते.

आता हिशेब करू. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला महामार्गाची एक बाजू ओलांडून दुभाजकापर्यंत पोचायला आठ-नऊ सेकंद सहज लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो, म्हणजे तेवढ्या वेळात दोनशे मीटरच्या आसपास. त्याला थांबायचं असेल तर भारतीय रस्ते काँग्रेस (रस्तेबांधणीची मानकं ठरवणारी संस्था) हिच्या मानकानुसार किमान १२० मीटरवरून अडथळा दिसायला हवा. दोनशे मीटरच्या आत एखादी टपरी, फ्लेक्स किंवा कडेला लावलेला कंटेनर आडवा असेल, तर दोघेही एकमेकांना उशिरा दिसणार.

उपाय महाग नाहीत. गावरस्त्याचे शेवटचे पंधरा-वीस मीटर सपाट आणि डांबरी करायचे, म्हणजे ट्रॉलीला थांबायला जागा मिळते. डांबरी यासाठी की कच्च्या रस्त्यावरची खडी चाकांबरोबर महामार्गावर येते आणि तिच्यावरून दुचाकी घसरते. दुभाजकाच्या मोकळ्या जागेत वळणाऱ्या गाडीसाठी वेगळी मार्गिका हवी, नाहीतर ट्रॉलीची शेपटी वेगवान मार्गिकेत राहते. गतिरोधक घालायचा तो गावरस्त्यावर. तोही मापाचा : ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरने त्यावरून गाडी आरामात जाते. गावोगाव दिसतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवटा, विनापट्ट्यांचा, ज्यावर रात्री दुचाकीची मागची सीट रिकामी होते.

(दृश्य : नांदूर नाक्याजवळचा चौक, छत्रपती संभाजीनगर रस्ता.)

८ ऑक्टोबर २०२२. पहाटे या रस्त्यावर खासगी बस आणि ट्रकची धडक झाली, बसने पेट घेतला, १२ जण गेले. अशा जागांना सरकारी भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी व्याख्या अशी : साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. व्याख्या कामाची आहे, पण तिच्यात यायला आधी माणसं मरावी लागतात. फाट्यावर रोज होणारे ‘थोडक्यात वाचलो’ तिच्यात मोजले जात नाहीत. गावातल्या चहावाल्याला ते पाठ असतात. सर्वेक्षणाला गेलेल्या अभियंत्याने आधी त्याच्याकडे बसावं.

(दृश्य : इगतपुरी, जुलै. मुसळधार पाऊस.)

आता पाणी. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला पाऊस कोसळतो, येवला-नांदगावला त्याच्या तुलनेत शिंतोडे. एकाच जिल्ह्यात रस्ता दोन वेगळ्या कारणांनी बिघडतो.

पश्चिमेला शत्रू साचलेलं पाणी. डांबर दगडाला चिकटलेलं असतं. पाणी मध्ये शिरलं आणि वरून चाकांचा दाब पडला की खडी सुटते. म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार लागतो, जास्त पावसात अडीच टक्क्यांपर्यंत. सात मीटर रस्त्याचा मध्य कडेपेक्षा जवळपास पावणेनऊ सेंटिमीटर उंच हवा. पण रस्त्यावरून उतरलेलं पाणी पुढे जाणार कुठे? गटार भरलेलं, मोरी गाळाने बंद, साइडपट्टीवर गवताचा बांध. पाणी परत डांबराखाली.

खड्डा बुजवताना घाई दिसते ती इथे. पाणी असलेल्या खड्ड्यात गरम माल ओतला, फावड्याने थापला, पुढे गेले. आठवड्यात तो उखडतो. नीट काम असं : सैल झालेला भाग सोडून घट्ट रस्त्यापर्यंत चौकोनी कापायचं, कडा उभ्या ठेवायच्या. तळ कोरडा आणि झाडून साफ. तळाला आणि उभ्या कडांनाही डांबराचा पातळ हात. मग थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा. माल पसरताना साधारण १४० अंश सेल्सिअस, आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलर फिरवून संपलेला असावा. उभ्या कडा सगळ्यांत जास्त विसरल्या जातात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

पूर्वेला आणि निफाड-सिन्नरच्या काही पट्ट्यांत काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडेला समांतर लांब चीर दिसली की खाली काळी माती हलते आहे असं समजावं. वरून डांबराचं कितीही कार्पेट टाका, चीर वर येते. तिथे वरची माती काढून चांगला मुरूम दाबावा लागतो किंवा मातीत चुना मिसळून ती शांत करावी लागते.

(दृश्य : डांबराची कडा, जवळून. खाली साइडपट्टी. शेजारी पट्टी लावून मोजणी.)

ही कडा दहा सेंटिमीटर. दर काही वर्षांनी वरून नवा थर चढला, साइडपट्टी मात्र आहे तिथेच राहिली. दुचाकीचं चाक खाली उतरलं की ते तिरकं परत वर चढत नाही, कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. मोटारवाला घाबरून स्टिअरिंग जोरात ओढतो, चाक एकदम वर चढतं आणि गाडी समोरच्या मार्गिकेत. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडला, किंवा मुरमाने साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून दाबली, की प्रश्न मिटतो. काम संपल्याची मोजणी होते तेव्हा साइडपट्टी बहुधा ‘नंतर करू’ या खात्यात असते.

घाटांचं थोडक्यात. कसारा, राहुड, मोहदरी. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला ट्रक सगळा भार ब्रेकवर टाकतो. ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या चालकांचं म्हणणं आजही खरं. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीने भरलेली सुटका-मार्गिका लागते, आणि तिच्यात कुणी गाडी लावून जेवायला बसणार नाही हेही पाहावं लागतं.

समृद्धी ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. मोटारींना ताशी १२०ची मुभा. इथे धोका महामार्गावरून बाहेर पडताना. तासभर त्या वेगाने आलेल्याला इंटरचेंजबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर ८० म्हणजे रांगणं वाटतं, आणि पुढच्याच वळणावर गाव असतं. वेग टप्प्याटप्प्याने उतरवणारे फलक आणि पट्टे तिथे हवेत.

(दृश्य : रात्र. ट्रॉलीच्या मागची लाल परावर्तक पट्टी हेडलाइटमध्ये चमकते.)

ट्रॉलीला मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषांत काचेचे बारीक मणी असतात, चौरस मीटरला २५० ग्रॅम. ते कमी टाकले की दिवसा रेषा छान दिसते, रात्री पावसात नाहीशी होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी कामांची घाई आहे, मुख्य पर्वण्या पावसाळ्यात आहेत आणि तारखा पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून रस्ता खुला करण्याआधीची सुरक्षा तपासणी दोनदा करावी : एकदा दिवसा पायी, आणि एकदा अंधार पडल्यावर, भर पावसात, दुचाकीवरून.