चुनखडी तर लागली, पण सिमेंटच्या कामाची आहे का?

या टेकडीत चुनखडी आहे, एवढं कळायला वेळ लागत नाही. हातोड्यानं एक कपची उडवायची आणि ताज्या भागावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडायचा. बघा, लगेच फसफसला.

आता शेजारचा दगड. रंग जवळपास तोच, पण थेंब नुसता पसरला. चाकूनं खरवडून भुकटी केली, तेव्हा कुठे चार बुडबुडे आले. हा डोलोमाईट. यातल्या मॅग्नेशियापायी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडपायी, अख्ख्या साठ्यावर पाणी सोडायची वेळ येऊ शकते.

भट्टीत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शुद्ध दगडाचं तब्बल 44 टक्के वजन त्यातच जातं. मॅग्नेशिया मात्र मागे राहतो, त्यामुळे क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि पुढे दळून सिमेंट होणाऱ्या गोळ्यांत, त्याचं प्रमाण साधारण दीडपट होतं. जास्तीचा मॅग्नेशिया पाणी फार सावकाश धरतो आणि धरताना फुगतो. तोवर काँक्रीट घट्ट झालेलं असतं. मग ते तडकतं.

म्हणून वरवरच्या दगडावर भिस्त ठेवता येत नाही, बोअर घ्यावे लागतात. आतून निघालेला हा कोअर, म्हणजे दगडाचा दांडा, पेटीत ओळीनं मांडलाय, मधल्या ठोकळ्यांवर खोली लिहिलीय. करडी चुनखडी, करडी चुनखडी... आणि इथे अचानक वीतभर तांबडी माती. पाण्यानं दगड विरघळवून पोकळी केली, ती पुढे मातीनं भरली. कोअर हाती आलाच नाही, तर तीही नोंद होते. साठ्याचा हिशेब फुगतो तो बहुधा अशा नोंदी करायच्या राहून गेल्या की. कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीतच राहतो. उद्या आकड्यांबद्दल शंका आली तर पुन्हा तपासता यावा म्हणून.

चुनखडीत मिसळायच्या शेलकडे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरांच्या दगडाकडे, मात्र उगाच दुर्लक्ष होतं. सिलिका, अॅल्युमिना आणि लोह देणारा हाच दगड. हे घटक नसतील, तर 1450 अंश सेल्सिअसलाही क्लिंकर नीट जमत नाही. पण शेलमधून अल्कलीही (सोडियम-पोटॅशियमची संयुगं) येतात. त्या भट्टीत वाफ होऊन उडतात, प्रीहीटरच्या, म्हणजे भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या यंत्राच्या, थंड भागात थिजतात आणि वाट तुंबवतात. त्यामुळे शेलचेही नमुने तितक्याच काटेकोरपणे तपासले जातात.

गंमत म्हणजे सगळ्यात शुद्ध चुनखडीच हवी असं मुळीच नाही. थोडी मातकट चुनखडी असली तर शेल कमी लागतो. खरी डोकेदुखी दर काही मीटरला गुण बदलणाऱ्या साठ्याची. तिथे चांगल्या आणि हलक्या दगडाचं मिश्रण कसं साधायचं, यावर खाणीचं तोंड कुठे उघडायचं ते ठरतं.