कौलं परतायची वेळ

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. चर्चच्या भिंतीला टेकलेली बांबूची शिडी. खालून वर, वरून खाली हातोहात फिरणारी कौलं.)

मे महिन्याचा तिसरा आठवडा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात या दिवसांत ज्याच्या त्याच्या डोक्यावर एकच काम असतं, आणि ते खरोखरच डोक्यावरचं असतं. मृग लागायच्या आत कौलं परतायची. घराची, गोठ्याची, देवळाची. आणि या गावात चर्चचीही.

शिडीच्या तळाशी धोतराचा फडका डोक्याला गुंडाळून जे उभे आहेत, ते इथले पाळकसाहेब. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. चार गावांच्या मंडळ्या त्यांच्याकडं आहेत आणि त्या चार गावांना पुरे पडायला एक मोटारसायकल.

(दृश्य: कौलाला बोटानं मारलेली टिचकी. आवाज ऐकू द्यावा.)

कौलं परतणं म्हणजे नुसती वरखाली करणं नव्हे. आधी आढ्यावरची गोल कौलं उतरवायची. मग ओळीओळीनं खाली यायचं. प्रत्येक कौल हातात घेऊन त्याला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ते परत जागेवर जाणार. बद्द वाजलं तर समजायचं, आत कुठंतरी केसासारखा तडा गेलाय. तो डोळ्याला दिसत नाही, पण पावसाला सापडतो. वानरांच्या उड्यांनी गेलेली कौलं वेगळी; त्यांना टिचकी लागत नाही. रिपा उघड्या पडल्या की वाळवी बघायची, कुजकी रिप बदलायची. बसवताना मात्र उलट्या दिशेनं जायचं, वळचणीकडून वर. म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी आत वळत नाही.

कौलाची पाठ बघा.

(दृश्य: उलटं धरलेलं कौल. झिजलेली अक्षरं.)

मंगळूरला 1865 साली बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला. तिथून ही तांबडी कौलं किनारपट्टीवर पसरली आणि घाट चढून वर आली. शाळा, कचेऱ्या, रेल्वे स्टेशनं, सगळ्यांवर तीच. धंदा चालतोय म्हटल्यावर तसलीच कौलं काढणारे दुसरे कारखानेही पुष्कळ निघाले. हे कौल अस्सल मिशनचं का, असं आम्ही विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, ‘गळत न्हाई तोवर अस्सलच की वो.’

छपरावर मिशन, छपराखाली मंडळी: याचं झकास प्रवचन होईल, असंही आम्ही सुचवलं. ते हसले. म्हणाले, कौलांवर आजवर तीन प्रवचनं केली, तिन्ही फसली. लोक वर बघत बसतात.

(दृश्य: पाळक एका कौलाला दोनदा टिचकी मारतात. शिडीवरचा तरुण मान हलवतो. पाळक ‘चालतंय, घे’ म्हणून कौल वर देतात.)

हे दृश्य लक्षात ठेवा.

(दृश्य: चर्चच्या आतला भाग. छपरातलं काचेचं कौल. त्यातून प्रवचनपीठाजवळ पडलेला उजेडाचा चौकोन. धूळ.)

आत दोन पुस्तकं आहेत. प्रवचनपीठाच्या डाव्या अंगाला मराठी पवित्र शास्त्र, उजव्या अंगाला कन्नड. दोन्हींच्या कडा बोटांनी काळ्या झाल्यात. कन्नड भाषांतराचं काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बळ्ळारीला लंडन मिशनच्या लोकांनी केलं. त्याच बळ्ळारीहून जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले आणि मिशनचं ठाणं इथं पडलं. तेव्हा बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती जाऊन दोनच वर्षं झाली होती. छावणी नवी होती. सैन्याबरोबर तमिळ बोलणारी माणसं आली होती, पेठेत मराठी होती, आसपासच्या गावांत कन्नड. इथल्या ख्रिस्ती मंडळीला एकाच भाषेत देवाशी बोलायची सोय पहिल्यापासूनच नव्हती.

मराठी पुस्तकाची कथा आणखी निराळी. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणायचं काम एका बाईनं अंगावर घेतलं, पंडिता रमाबाईंनी. त्यांचं भाषांतर छापून पुरं झालं ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पीठावर आहे ते त्यांचं नव्हे. चर्चमधून दुसरंच भाषांतर रूढ झालं. पण पाळकसाहेबांच्या बोलण्यात रमाबाई सारख्या येतात, आणि त्याला एक कारण आहे. रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, गंगामूळच्या रानातला. ते रान आज कर्नाटकात आहे.

‘बाई आमच्या बाजूची,’ पाळकसाहेब सांगतात. ‘जन्म कर्नाटकातला आनि बायबल मराठी. आता तिला कुठल्या बाजूला बसवतासा?’

(दृश्य: बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर. पानं उलटणारं बोट.)

हे रजिस्टर आम्हाला फार आवडलं, म्हणून ते पडद्यावर जरा जास्तच वेळ राहील. पहिली पानं इंग्रजीत आहेत, टाकानं लिहिलेली, वळणदार. मग मराठी. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या महिन्याचं पान हे. दोन मुलांचे बाप्तिस्मे, दोन्ही नोंदी मराठीत, शाईसुद्धा तीच. पुढं काही वर्षांनी एका ओळीत बापाचं नाव मराठीत आणि गावाचं नाव कन्नडमध्ये दिसतं. मग हळूहळू अर्धं पान हे, अर्धं पान ते. सीमावादावरचा महाजन आयोग, मोर्चे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, यांतलं काहीच या रजिस्टरात नाही. जन्मलेली पोरं तेवढी आहेत.

(दृश्य: रविवार. पेटी, तबला, झांजा. बायकांची बाजू, पुरुषांची बाजू.)

पाळकसाहेब मूळचे निपाणीचे. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. तिला अक्षर येत नव्हतं, पण ‘उपासना संगीता’तली पन्नास-साठ गाणी तोंडपाठ. वळता वळता गायची. हाताचा ठेका नि गाण्याचा ठेका एकच. पाळकसाहेब म्हणतात की ईश्वरविद्या ते सेमिनरीत शिकले, पण देव आहे हे त्यांना तंबाखूच्या वासातच कळलं होतं. अजून कुणी ते गाणं लावलं की नाकात तो वास येतो.

या मराठी गाण्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेली गीतं आधी पुष्कळ होती. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण सोसत लोक ती म्हणत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. ते आले ते आपल्याबरोबर अभंग, ओवी आणि भजन घेऊनच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते सांगत. मग चर्चमध्ये पेटीशेजारी टाळ आला. कीर्तन आलं. नगरपासून कोल्हापूर-मिरजेपर्यंत जी मंडळी उभी राहिली तिच्या तोंडी ती गाणी बसली, आणि तिथून ती निपाणीच्या विडीवाल्या बाईच्या सुपापर्यंत आली.

(दृश्य: एक म्हातारी डोळे मिटून गाते. इथं निवेदन नाही. गाणं एक कडवं पूर्ण चालू द्यावं.)

उपासना दोन भाषांत होते. शास्त्रवाचन एकदा या भाषेत, एकदा त्या. प्रवचन मराठीत सुरू होतं, मध्येच कन्नडकडं वळतं आणि शेवटाला पाळकसाहेबांना स्वतःलाच कळत नाही आपण कुठल्या भाषेत आहोत. भाषांतर ते करत नाहीत. एकच गोष्ट दोनदा सांगितली की दोन्ही बाजूचे झोपतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून अर्धी गोष्ट इकडं, अर्धी तिकडं. ज्याला पुरी हवी त्यानं शेजाऱ्याला विचारावं.

तेही हसत हसतच सांगतात. पण आम्ही बघितलं, लोक खरोखर शेजाऱ्याला विचारतात.

(दृश्य: जांबोटीकडं जाणारा रस्ता. मोटारसायकल मागून. दोन्ही बाजूंना रान.)

आठवड्यातले बाकीचे दिवस भेटींचे. पाळकाचं खरं काम कुठलं, असं विचारलं तर ते ‘भेट’ हा एकच शब्द सांगतात. कुणाच्या ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, आजारी माणसाच्या उशाशी तेविसावं स्तोत्र म्हणायचं, उठायचं. उपदेश शक्यतो करायचा नाही. नवे होते तेव्हा ते घरोघरी उपदेश करत. एकदा एका म्हातारीनं त्यांना मध्येच थांबवलं. म्हणाली, ‘साहेब, ते आइतवारी सांगा. आता माझं ऐका.’ त्या दिवसापासून धडा घेतला. आजही ते पिशवीत बायबलाबरोबर एक वही ठेवतात. तिच्यात फक्त लोकांची गाऱ्हाणी. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा पुण्याहून फोन करत नाही, कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलंय. रात्री प्रार्थनेला बसताना ती वही उघडायची आणि वाचत जायचं. देवाला मुद्देसूद सांगितलं पाहिजे, नाहीतर आपणच विसरतो.

आणि प्रार्थना ऐकलीच गेली नाही तर? याचं उत्तर त्यांनी दिलं. एका तरुण माणसाच्या उशाशी अकरा रात्री बसल्याची गोष्ट होती ती. तेव्हा कॅमेरा बंद होता.

(दृश्य: पाळकीणबाई चुलीशी. ताटात भाकरी. नंतर थेट नोव्हेंबरची दृश्यं: चर्चसमोरचा मांडव, भाताची पोती, रताळ्यांचे ढीग.)

छपराला पैसा कुठून आला, ते आता दाखवतो. त्यासाठी सहा महिने मागं जावं लागेल. नोव्हेंबर, कापणीचा सण.

भात कापून खळ्यावर आलं की त्यातला पहिला वाटा लोक घरातून घेऊन निघतात. डोक्यावर, सायकलवर, बैलगाडीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. चर्चच्या पायऱ्यांशी ढीग लागतात: भात, नाचणी, भुईमूग, ऊस, भोपळे, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. आणि रताळी. खानापूर-बेळगावच्या तांबड्या मातीतली रताळी. शेत नसलेली माणसंही येतात. एका बाईनं खराटा आणला, स्वतः बांधलेला. गवंडीकाम करणाऱ्या एका गड्यानं कोरा थापी-रंधा आणून ठेवला. पाळकसाहेब प्रत्येक वस्तूवर हात ठेवून आशीर्वाद मागतात. कोंबड्यावरही. तो ओरडतो, पोरं हसतात, पाळकसाहेब थांबत नाहीत.

उपासना संपली की लिलाव. इथं सगळी लाजलज्जा बाजूला राहते.

(दृश्य: लिलाव. मूळ आवाज ठेवावा.)

बोली मराठीत सुरू होते. शंभर, दीडशे. मग कन्नड बाजूनं कुणीतरी ‘मुन्नूरु’ म्हणतं, म्हणजे तीनशे. मराठी बाजूला चुळबुळ. ‘साडेतीनशे!’ ‘ऐनूरु!’ वस्तू काय, तर एक अंडं. ते पाचशेला जातं, आणि घेणारा ते उचलून परत अर्पणाच्या टेबलावर ठेवतो. की पुन्हा बोली. एकच अंडं चारदा विकलं गेलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या वेळी ते फुटलं, तेव्हा कुठं थांबले. खराटा सर्वात महाग गेला. तो पाळकीणबाईंनी घेतला आणि कुणाला परत दिला नाही.

त्या लिलावाची रक्कम चार पंचांसमोर दोनदा मोजून पत्र्याच्या पेटीत बंद झाली. रिपा, खिळे, दीडशे नवी कौलं आणि दोन दिवसांची मजुरी त्यातून निघाली. बाकीचं काम अंगमेहनतीचं. मघाशी छपरावर दिसली ती पोरं मंडळीतलीच.

(दृश्य: संडे स्कूलची मुलं. पाटीवर कन्नड अक्षरं.)

मुलं आता कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. मराठी गाणं म्हणतात, पण वाचून म्हणता येणारी थोडीच. बाकीची कन्नड लिपीत उतरवून घेतात. डिसेंबर 2021 मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथल्याच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. जून 2023 मध्ये तो कायदा रद्द करायचं मंत्रिमंडळानं ठरवलं. मधल्या काळात घरोघरच्या रात्रीच्या प्रार्थना पाळकसाहेबांनी बंद ठेवल्या होत्या. काही घरांत त्या अजून सुरू झालेल्या नाहीत.

मराठी गाणी टिकतील का, असं आम्ही त्यांना तीनदा विचारलं. आमची सगळी धडपड त्याच प्रश्नासाठी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दोनदा त्यांनी चहा पुढं केला. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘पोरगं कन्नड अक्षरात लिहून का हुईना, आजीचंच गाणं म्हणूलालंय न्हवं? मग तुमचं काय दुखतंय?’

याला उत्तर आमच्याकडं तयार होतं. पण तेवढ्यात त्यांना शिडीवरून कुणीतरी हाक मारली.

(दृश्य: पाऊस. काळं आभाळ. छपरावरून पागोळ्या.)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका दिवसासाठी परत गेलो. कणकुंबीकडं मुसळधार चालू होती. तिथंच मलप्रभेचा उगम. रस्त्यालगतचे ओहोळ तांबडे होऊन धावत होते. रविवार होता. भिजलेल्या छत्र्या दाराशी, चपला पायरीवर, आत पेटीचा सूर ओलसर.

(दृश्य: प्रवचनपीठाशेजारी ठेवलेलं घमेलं. त्यात पडणारा थेंब. आणखी एक थेंब.)

छप्पर एका जागी गळत होतं. एकाच. पाळकसाहेब जाहिराती वाचत होते: बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी उपवास प्रार्थना. वाचता वाचता त्यांनी पायानं घमेलं हातभर डावीकडं सरकवलं.

मागच्या बाकावर बसलेला तो शिडीवरचा तरुण वर कौलाकडं बघत होता. मग त्यानं पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला, जाहिरातींचा कागद उलटला आणि म्हणाले, ‘होय रे. तेच हाय ते. आता गाणं घ्या.’