हळदीच्या पाण्याचा डबा

नमस्कार श्रोतेहो. आज एका हिंदी चित्रपटाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या मावशीच्या सोप्यातून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण पावडरची पुडी घेऊन दारात आला. शेजारच्या बाईंशी कानडीत ‘अक्का’ म्हणून बोलला, आमच्याकडं वळल्यावर ‘मावशी’. आपल्या भागात समोरचा आपल्या भाषेत बोलला की निम्मं काम तिथंच होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. आधी त्यानं समई मागितली आणि लखलखीत करून दिली. मग जोडवी. मग पाटल्या. पाटल्या डब्यात घातल्या, वर हळदीचं पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं. म्हणाला, “गॅसवर ठेवा मावशी, अर्धा तास उघडू नका, वाफ बसू दे.” अर्ध्या तासानं डब्यात नुसतं पिवळं पाणी.

सोनं गेल्याचं दुःख मावशीला झालंच, पण ती घोकत राहिली ते वेगळंच. “मी त्याला चहा दिला की रे. साखर किती घालू म्हणून विचारून दिला.”

२००४ साली आलेला ‘एक हसीना थी’ पाहताना मला हा चहा आठवला. श्रीराम राघवन यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. नायिका आपली मराठी मुलगी, सारिका वर्तक. मुंबईत ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी, एकटीचं बिऱ्हाड, उंदराची भीती. ही भूमिका उर्मिला मातोंडकरची. तिच्या आयुष्यात करण येतो, म्हणजे सैफ अली खान. हसरा, अदबशीर, घाई न करणारा. इथंही आधी समई, मग जोडवी, पाटल्यांची पाळी शेवटी. त्याच्या मित्रानं सारिकाच्या घरी ठेवलेल्या बॅगेत शस्त्रं निघतात आणि पोलीस येतात ते सारिकाच्या दारात. वकील सांगतो, कबूल कर, थोडक्यात सुटशील. ती कबूल करते आणि सात वर्षांची शिक्षा होते.

मला विचाराल तर चित्रपटाचा जीव तुरुंगातल्या भागात आहे. आपण फसलो हे कळायला सारिकाला वेळ लागतो आणि राघवन तिला तो वेळ देतात. तोवर ती करणचीच वाट बघत असते. मग एके दिवशी कोठडीतला उंदीर ती स्वतःच्या हातानं मारते. तिथून पुढं उर्मिलाच्या चेहऱ्यावरची लाडिक रेघ पुसलेली दिसते, ती परत येत नाही.

नंतरचं तुरुंगातून निसटणं जरा सोयीस्कर आहे, ते सोडून देऊ. सूडाची रीत मात्र बघण्यासारखी. ती करणचीच विद्या वापरते. त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या मधे संशय पेरते. ही बाई आपल्याला फसवू शकेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही, आणि फसवणारा फसतो तो तिथंच. जुना चित्रपट आहे, शेवट सांगितला तर रागावू नका: ती त्याला एका गुहेत साखळीनं बांधून जाते. गुहेत उंदीर असतात.

हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा मावशीही बघत बसली होती. गुहेतला प्रसंग आला, मी म्हटलं, नको बघूस, उठ. ती हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “त्याला तिनं आधी पाणी तरी विचारलं काय?”

अजूनही दारावर कुणी आलं की मावशी चहा विचारतेच. फक्त आता करायला आत सुनेला पाठवते, आणि स्वतः सोप्यात पाहुण्याच्या समोर बसून राहते.