नमुना 8 वरचं नाव

[दृश्य : महाराष्ट्राचा नकाशा. अनुसूचित क्षेत्र हिरव्या रंगात.]

नकाशात विदर्भाकडे बघा. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हिरवा रंग दिसेल. हे 1985 च्या आदेशानं ठरलेलं अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेला मुलूख. इथं पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रासाठीचा पंचायत कायदा, लागू आहे, इथल्या ग्रामसभेला जादा अधिकार आहेत, इथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला पैसा, येतो.

नागपूर जिल्हा मात्र कोरा आहे. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहानं, रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांत आजही गोंडांच्या वस्त्या आहेत. तरी कोरा.

मग रामटेक तालुक्यातल्या देवलापारच्या बाजूला कायद्याचा सल्ला द्यायला जाणारा माणूस पिशवीत काय घेऊन जाणार? पेसा इथं चालत नाही. वनजमिनीवर राहणाऱ्या-कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा चालतो, तो सगळीकडेच चालतो. आणि चालतो 1958 चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. त्यातलं सगळ्यात रुक्ष वाटणारं प्रकरण म्हणजे घरटॅक्स. आपली फिल्म त्यावरच आहे.

[दृश्य : महामार्ग 44, मनसरच्या पुढे. दोन्ही बाजूंनी साग.]

ग्रामपंचायतीत एक रजिस्टर असतं, नमुना 8. कर आकारणीची नोंदवही. घर कोणाचं, किती बाय किती, मातीचं की स्लॅबचं, सगळं त्यात. त्यावरून मागणी निघते ती नमुना 9 ला, आणि पैसे भरले की हातात येते ती नमुना 10 ची पावती.

या पावत्या लोक जिवापाड जपतात. डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, आजोबांच्या काळापासूनच्या. "हे पाहा ना साहेब, घर आमचंच हाय." सल्लागाराला इथं पहिली कडू गोष्ट सांगावी लागते : मामाजी, ही पावती टॅक्स भरल्याची आहे, मालकीची नाही. पंचायत अतिक्रमणातल्या घराकडूनही टॅक्स घेते. टॅक्स घेतला म्हणून जागा तुमची झाली, असं कायदा कुठंच म्हणत नाही.

मालकीचा कागद वेगळा. गावठाणातल्या घरांसाठी 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी सुरू झाली, त्यातून मिळकत पत्रिका मिळते. पण टोला, म्हणजे मुख्य गावापासून वेगळी छोटी वस्ती, गावठाणाबाहेर असेल, जंगलाच्या कडेला असेल, तर ड्रोन वरून गेला काय आणि न गेला काय. तिथं वनहक्काचा दावा हाच रस्ता. त्या कायद्यानं मिळालेला हक्क वारसांना जातो, विकता येत नाही, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचीही नावं लागतात. नमुना 8 वर बहुतेक वेळा एकट्या घरधन्याचंच नाव असतं. बाईचं नाव तिथंही लावून घ्या, हा सल्ला खर्चाचा नाही. तरी तो शेवटीच दिला जातो.

[दृश्य : मातीची भिंत, शेजारी नवं घरकुल.]

आदिवासींसाठीच्या शबरी योजनेतून पक्कं घरकुल झालं की टॅक्स का वाढतो, हा प्रश्न ठरलेला. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जागेचं मूल्य, त्यात बांधकामाचं मूल्य घसारा धरून, आणि आलेल्या आकड्याला वापराचा भारांक, म्हणजे राहण्यासाठी की धंद्यासाठी यावर ठरणारा गुणक. मातीच्या घराचा दर सगळ्यात खालचा, आरसीसीचा सगळ्यात वरचा. घर बदललं की रकाना बदलतो. यात कोणी गंमत केलेली नसते. पण क्षेत्रफळ चुकीचं टाकलेलं असू शकतं, म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा.

आता खरा विषय.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. सरपंचाची खुर्ची, रिकामी.]

अधिनियमाचं कलम 14 पंचायतीचा सदस्य कोण होऊ शकत नाही ते सांगतं. त्यातली एक अट अशी : टॅक्सची मागणी झाली, बिल रीतसर बजावलं गेलं, आणि तीन महिन्यांत भरलं नाही, तर तो माणूस अपात्र. निवडून आलेला असेल तर पद जातं. सरपंचही यात आला.

थकबाकी लाखांत असायची गरज नाही. काहीशे रुपयांतही काम होतं.

आणि त्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. अविभक्त कुटुंबातल्या एकानं टॅक्स थकवला तर सगळे अपात्र. पुढं आणखी एक वर्ग आहे : ज्यांची मालमत्ता किंवा राहणं रिवाजानं एकत्र आहे, असा गट. त्यातलाही एक चुकला की सगळे गेले. म्हणजे टोल्यावरचं एकत्र घर घ्या. नमुना 8 वर नाव म्हाताऱ्या सासऱ्याचं, बिल आलं ते मोठ्या दिरानं कुठंतरी ठेवलं, आणि आदिवासी महिला राखीव जागेवर निवडून आलेली धाकटी सून. विरोधकाला एवढं पुरतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज पडतो.

कायदा लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं ते असो. टॅक्स बुडवून गावावर राज्य करणाऱ्या बड्या घरांना आवर घालायचा असेल, तर हेतू चांगलाच म्हणायचा. पण बड्या घराकडे वकील असतो आणि पावत्यांची फाइल असते. या कलमात सापडतं ते हिशेब न ठेवणारं घर.

[दृश्य : नागपूर, सिव्हिल लाइन्स. जुन्या सचिवालयाची दगडी इमारत.]

जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर अपील विभागीय आयुक्तांकडे. तिथंही नाही जमलं तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिन्ही जागा या एकाच सिव्हिल लाइन्समध्ये. शहरातल्या माणसाला पायी जाण्याजोगं अंतर. देवलापारहून येणाऱ्याला मात्र दर तारखेला मजुरी बुडवून यावं लागतं.

बचावाचा मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो : बिल बजावलं होतं का? कोणाच्या हातात दिलं, सही कोणाची? नुसता नमुना 9 दाखवून ते सिद्ध होत नाही. बजावणीच झाली नसेल तर तीन महिने मोजायचे कुठून? म्हणून या भागात काम करणारे सल्लागार निवडणुकीच्या आधीच सांगतात : वेगळी चूल असेल तर नमुना 8 ला वेगळी नोंद करा. अर्ज भरायच्या आधी घरातल्या प्रत्येक नावाची थकबाकी तपासा. पैसे दिले की पावती तिथंच मागा. "सचिव म्हणे उद्या देतो," हे चालायचं नाही.

मध्येच एक गैरसमज. आदिवासीला सगळा टॅक्स माफ असतो, असं गावोगाव ऐकू येतं. आयकरात तशी सूट आहे, पण ती ईशान्येकडच्या ठरावीक भागांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींना. नागपुरातल्या गोंड शिक्षकाला आयकर भरावाच लागतो. घरटॅक्सचं तर काही बोलायलाच नको.

[दृश्य : अभिलेखातली छायाचित्रं. कॅनडा, थॉम्पसन नदीकाठचं कॅमलूप्स.]

कॅनडात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कॅमलूप्सच्या मूलनिवासी समाजानं आपल्या राखीव जमिनीचा काही भाग बाहेरच्या उद्योगांना भाड्यानं दिला होता. जमीन यांची, पण त्या उद्योगांकडून मालमत्ता कर घ्यायचं बाहेरचं सरकार. तिथले प्रमुख मॅनी ज्यूल्स यांनी देशभरच्या समाजांना सोबत घेतलं आणि 1988 मध्ये कायद्यात दुरुस्ती करवून घेतली. भाडेपट्ट्यानं दिलेल्या जमिनीवरही कर लावायचा अधिकार समाजाच्या परिषदेकडे आला. 2005 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, कर आयोग आला, कायदे कसे लिहायचे याचं प्रशिक्षण आलं. कर देणाऱ्या बाहेरच्यांना तिथं मत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायची सोयही त्या कायद्यातच करावी लागली.

म्हणजे तिथं भांडण टॅक्स टाळायचं नव्हतंच. टॅक्स कोण लावणार, याचं होतं.

आपल्याकडे तो अधिकार कागदावर कधीचाच आहे. कलम 124. पण तो ग्रामपंचायतीचा, आदिवासी समाजाचा म्हणून नाही. गट ग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एक, असेल तर टोल्याचा एखादाच सदस्य, बाकीचे मोठ्या गावाचे. पेसा असता तर टोल्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकली असती. इथं ती वाट बंद आहे, म्हणून कॅमलूप्सची गोष्ट सांगताना जपून सांगावी लागते. इथं हातात आहे ते एवढंच : आकारणीची यादी.

[दृश्य : पेंचच्या प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता. रिसॉर्टच्या पाट्या.]

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेनं रिसॉर्ट उभी आहेत. स्विमिंग पूल, कॉटेज, जेवणाचा हॉल. त्यांचा टॅक्स त्याच नमुना 8 मधून निघतो. घराच्या वापराचा भारांक 1, व्यवसायाचा 1.25. सगळी कॉटेज यादीत आली आहेत का? नंतर वाढवलेलं बांधकाम धरलंय का? की कागदावर अजून फार्महाउसच आहे? शाळेची भिंत, नळयोजनेचं वीजबिल, टोल्याकडे जाणारा रस्ता, याचे पैसे पंचायतीच्या स्वनिधीतून यायचे असतात. झोपडीवाल्याचे दीडशे रुपये वसूल करायला सचिव चार चकरा मारतो. रिसॉर्टची मोजणी मात्र मालकानं सांगितली तीच.

आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. लोक आजवर स्वतःच्या घरापुरती हरकत घ्यायला येत आले, तीही क्वचित. शेजारच्या रिसॉर्टचं क्षेत्रफळ कमी लावलंय, हा प्रश्न ग्रामसभेत कोणत्याही मतदाराला विचारता येतो. तो इतिवृत्तात लिहून घ्या, इतिवृत्ताची नक्कल अर्ज करून मागा. स्वतःवर लावलेल्या टॅक्सविरुद्ध अपील पंचायत समितीकडे, म्हणजे रामटेकला नाही तर पारशिवनीला. तिथला निकाल पटला नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. ती बसते नागपुरात. सिव्हिल लाइन्समध्येच.